‘इच्छामरणा’तली इच्छा कोणाची?

नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचं काम पाहणाऱ्या ताईंनी विचारलंय: ‘बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या रुग्णाला स्वतःचं आयुष्य संपवायला डॉक्टरांनी मदत करावी का, अशी चर्चा ठेवली आहे. फलकावर इच्छामरण लिहू की दयामरण? दोन्ही एकच ना?’

ताई, दोन्ही एक नाहीत. आणि तुमच्या विषयाला दोन्ही बसत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

इच्छामरण म्हटलं की भीष्म आठवतात. शंतनूचा वर असा की तुझ्या मनात येईल तेव्हाच तुला मरण येईल. या वराचा उपयोग भीष्मांनी मरण लांबवायला केला. उत्तरायण लागेपर्यंत ५८ रात्री ते शरपंजरी पडून राहिले. त्यातला एक प्रसंग आपण सहसा विसरतो. बाण काढण्यात निष्णात असलेले वैद्य आले, तेव्हा भीष्मांनी त्यांना मानाने परत पाठवायला सांगितलं. उपचार नाकारले, पण ‘आता मला संपवा’ असं कोणाला म्हणाले नाहीत. म्हणजे मूळ शब्दात इच्छा मरणाऱ्याची आहे आणि मध्ये दुसऱ्या कोणाचा हात नाही.

आता अरुणा शानबागचं प्रकरण आठवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका १९७३च्या लैंगिक हल्ल्यानंतर भान हरपून तिथेच अंथरुणाला खिळून होती. तिचं जबरदस्तीचं अन्न बंद करावं ही मागणी न्यायालयात दुसऱ्यांनी नेली, तिला जगू द्या असं केईएमच्या परिचारिकांनी म्हटलं, आणि ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. दोन्ही बाजूंना तिची कणव होती, पण तिची स्वतःची इच्छा कोणालाच विचारता येत नव्हती. तरी तेव्हापासून आपण सर्रास ‘अरुणाचं इच्छामरण’ म्हणतो. तिथे दयामरण हाच शब्द हवा होता. दया देणाऱ्याची असते, हे तो शब्द निदान लपवत नाही.

उलट सर्वोच्च न्यायालयाच्याच ९ मार्च २०१८च्या निकालाला इच्छामरण हा शब्द बऱ्यापैकी लागू पडतो. ‘मी बरा होण्यापलीकडे गेलो तर मला यंत्रांवर ठेवू नका’ हे शुद्धीत असताना लिहून ठेवायची मुभा त्या निकालाने दिली. २०२३ मध्ये न्यायालयाने पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. याला मी ‘वैद्यकीय इच्छापत्र’ म्हणतो. यात माणूस भीष्मांसारखा वैद्याला परत पाठवतो, एवढंच.

तुमच्या चर्चेचा विषय याहून वेगळा आहे. तिथे डॉक्टर औषध लिहून देतो आणि रुग्ण ते स्वतः घेतो. स्वित्झर्लंडमध्ये मदत करणाऱ्याचा हेतू स्वार्थी नसेल तर तो गुन्हा ठरत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७पासून असा कायदा लागू आहे. आपल्याकडे आत्महत्येला मदत करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैदेचा. ‘इच्छामरण’ लिहिलंत की हा मदतीचा हातच शब्दातून गायब होतो. आणि वाद आहे तो नेमका त्या हाताचा.

वाद इच्छेचाही आहे. ‘माझं ओझं झालंय, सोडवा मला’ म्हणणाऱ्या आजी मरण मागतायत, की पोरांची दगदग थांबावी असं म्हणतायत? फलकावर आधीच ‘इच्छा’ लिहिली तर चर्चेआधीच उत्तर देऊन टाकल्यासारखं होईल.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. ‘देवाने सोडवलं’, ‘हिंडतंफिरतं असताना उचल रे बाबा’. आपल्या बोलीत मरणाची मागणी उघड आहे, पण सोडवणारा, उचलणारा देव. ‘अनायासेन मरणं’ हेही आपण शंभूकडेच मागतो. त्या कर्त्याच्या जागी माणूस आला की वाक्य जड होतं. माझ्या आतेभावावर हे वाक्य कोसळलं. वाशीच्या एका रुग्णालयात आत्याचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता. ‘नळ्या नकोत’ हे तिने स्वतः बजावून ठेवलं होतं, म्हणून त्याने व्हेंटिलेटर नको अशी सही केली. दहाव्याला एका नातेवाइकाने सहज विचारलं, ‘म्हणजे तू आईला इच्छामरण दिलंस?’ त्या ‘दिलंस’ने तो आजही रात्री उठून बसतो. त्याने काही दिलं नव्हतं. आईचं म्हणणं त्याने ऐकलं होतं.

म्हणून सांगतो, इच्छामरणाला ‘देणे’ हे क्रियापद लावूच नका. ते ‘स्वीकारलं’ जातं.

‘आत्महत्या’ शब्दाबद्दल मात्र माझं मन द्विधा आहे. दोन आठवड्यांचा सोबती असलेल्या रुग्णाच्या माथी ‘हत्या’ मारणं मला क्रूर वाटतं. ज्यांना ही गोष्ट मुळातच अधर्म वाटते, त्यांना ‘सन्मानाने मृत्यू’ हा पर्यायी शब्द लबाडीचा वाटेल, आणि त्यांचंही चुकत नाही. हॉस्पिटलात महिनोन्‌महिने शुश्रूषा घेत गेलेल्यांचा मृत्यू काय सन्मानाविना होता?

तेव्हा फलकावर साधं लिहा: ‘असाध्य आजारात मरणासाठी डॉक्टरची मदत: असावी की नसावी?’ लांब आहे, पण कोणाच्या बाजूने झुकत नाही. जमलं तर पुढच्या महिन्यात वैद्यकीय इच्छापत्रावर वेगळी बैठक ठेवा, नोटरीलाही बोलवा. त्या फलकावर ‘इच्छामरण’ खुशाल लिहा.