आईची सेवा कुणी किती केली हे मोजता येतं का?

तुम्ही विचारलंय, तिघा भावंडांत आईचं कोण किती करतं हे मोजायची काही रीत आहे का. आहे. काट्झ या डॉक्टरांची १९६३ सालची यादी सहा गोष्टी बघते: अंघोळ, कपडे, संडासला जाणं, अंथरुणातून उठणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण. झारिट या संशोधकांचे २२ प्रश्न असतात, गुण ० ते ८८, ते सेवा करणाऱ्यावर ओझं किती हे विचारतात. पण पहिलीतून आईला काय लागतं ते कळतं, दुसरीतून करणारा किती थकला ते. कोणता भाऊ कमी पडला हे दोन्ही सांगत नाहीत, आणि तुम्हाला तेच हवंय.

आम्ही अमळनेरला. आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. नंतर सात महिने ती खाटेवर. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. वैशाखात तर चादर घामाने चिकटायची, लाईट गेली की हातपंखा. हे सगळं मी केलं असं म्हणणार नाही. निम्म्याहून जास्त माझ्या बायकोने केलं.

दिवाळीला दादा पुण्याहून आला तो छापील हिशोब घेऊन. ऑपरेशन, औषधं, डायपर. त्याचे एक लाख चाळीस हजार, माझे बावीस हजार. आईच्या खाटेशेजारी बसून वाचून दाखवला. माझी बायको काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. आम्ही त्यावर दुधाचं लिहितो, एक लिटर, दीड लिटर. त्या आकड्यांखाली तिने रोज रात्री किती वेळा उठली तेवढे ठिपके दिले होते. कुठे तीन, कुठे पाच, कुठे सात. मलाही माहीत नव्हतं. दादा पानं उलटत राहिला. आई अहिराणीत म्हणाली, "मी काय दूध शे का रे, मांडी ठेवाले?" म्हणजे, मी काय दूध आहे का, हिशोबात मांडून ठेवायला.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. पैसा हे सेवेचं माप नाही, रात्र आहे. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदाही शेवटी पैशावरच येतो: प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज, महिन्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा निर्वाह. मुलं टाकूनच देत असतील तर अर्ज जरूर करा, त्यात लाज कसली. पण कूस बदलायला कोणी येत नाही त्या आदेशाने. आणि सून करते ते मुलाच्या नावावर मांडू नका, आमच्याकडे सगळीकडे तेच चालतं.

आता एक सांगायलाच हवं. दादाचे पैसे नसते तर ऑपरेशन लांबलं असतं. तो रोज रात्री आठला फोन करायचा, आणि आई साडेसातपासून मोबाईल उशाशी घेऊन पडायची. हे त्या कॅलेंडरवर कुठेच नव्हतं.

तरी तुम्ही वाटणी करणारच असाल तर रात्री वाटा, महिने नकोत. दर महिन्याला घर बदलत म्हातारं माणूस नुसतं पिशवी भरत राहतं. दादाला मी तेव्हाच म्हटलं, पुढच्या वेळी आठ रात्री राहा, कूस तू बदल.

संक्रांतीला आला. चार राहिला.