हॅमिल्टन आणि जेफरसन यांचं इतकं बिनसलं होतं, तर वॉशिंग्टनने दोघांपैकी एकाला काढलं का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन याच्या एकाच मंत्रिमंडळात बसणारे हे दोघे एकमेकांच्या मुळावर का उठले, आणि राष्ट्राध्यक्षाने एकाला नारळ का दिला नाही. पहिल्याचं ठरावीक उत्तर म्हणजे 'एक उद्योगवाला, दुसरा शेतीवाला'. तेवढ्याने काही कळत नाही. भांडण सुरू झालं कर्जाच्या हिशेबावरून, म्हणून आधी तो हिशेब बघू.

जानेवारी १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, कर्जाचा अहवाल ठेवला. स्वातंत्र्ययुद्धाचं देणं तसंच पडून होतं. परदेशी कर्ज सुमारे १.१७ कोटी डॉलर, देशातल्या लोकांचं ४ कोटींच्या वर, आणि तेरा राज्यांनी आपापल्या डोक्यावर करून ठेवलेलं अंदाजे अडीच कोटी. हॅमिल्टनचं म्हणणं, सगळं केंद्राने घ्यायचं आणि ज्याच्या हातात आज कागद आहे त्याला पूर्ण रकमेच्या हिशेबाने नवे रोखे द्यायचे.

गोम या 'आज'मध्ये होती. सैनिकांना पगाराऐवजी कागद मिळाले होते आणि पोटापाण्यासाठी त्यांनी ते डॉलरला दहा-वीस सेंटने विकून टाकले होते. अहवालाची कुणकुण लागताच दलाल उरलेले कागद गोळा करायला सुटले. जमिनीवरून टप्प्याटप्प्याला घोडे बदलत आणि समुद्रातून वेगवान बोटींनी माणसं चहूकडे धावत होती, असं जेफरसनने नंतर लिहून ठेवलंय. काँग्रेसमधला व्हर्जिनियाचा प्रतिनिधी मॅडिसन याने सुचवलं की आजच्या मालकाला बाजारातला चढा भाव द्या, वरचा फरक मूळ सैनिकाला द्या. ऐकायला न्याय्य वाटतं. पण आधी कोणी कोणाकडून केवढ्याला घेतला, हे सरकार उकरत बसलं तर उद्या सरकारी कागदाला हात कोण लावेल, हा हॅमिल्टनचा मुद्दाही खोटा नव्हता. मॅडिसनची सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली.

राज्यांच्या कर्जावर मात्र हॅमिल्टन अडकला. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं. मॅसॅच्युसेट्स आणि दक्षिण कॅरोलिना गळ्यापर्यंत बुडालेले. सोसायटीत मेन्टेनन्स वेळेवर भरणाऱ्यालाच थकबाकीदारांची वर्गणी द्यायला सांगावं, तसा हा प्रकार व्हर्जिनियाला वाटला. एप्रिलमध्ये सभागृहात ही कलमं ३१ विरुद्ध २९ मतांनी फेटाळली गेली.

जेफरसन फ्रान्सहून परतून मार्चमध्येच परराष्ट्रमंत्री म्हणून न्यूयॉर्कला रुजू झाला होता. जूनमध्ये वॉशिंग्टनच्या घराबाहेर त्याला हॅमिल्टन भेटला. चेहरा उतरलेला, कपड्यांकडेही लक्ष नाही. दारासमोरच अर्धा तास येरझारा घालत त्याने जेफरसनला गाऱ्हाणं ऐकवलं की हे मोडलं तर देशच मोडेल. जेफरसनने त्याला आणि मॅडिसनला आपल्या घरी जेवायला बोलावलं. दक्षिणेची काही मतं फिरवायची, बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची, असं तिथे ठरलं. राजधानीचं गणित आधीच जुळत आलं होतं का, यावर इतिहासकार अजून वाद घालतात, कारण त्या जेवणाची हकीकत आपल्याला एकट्या जेफरसनच्याच तोंडून कळते. पण जुलैमध्ये राजधानीचा आणि ऑगस्टमध्ये कर्जाचा कायदा झाला, हे खरं. आज वॉशिंग्टन शहर जिथे आहे तिथे आहे, ते राजधानीच्या या कायद्यामुळे. दोन वर्षांनी जेफरसनने वॉशिंग्टनलाच लिहिलं की मला तेव्हा नीट न कळलेल्या डावात हत्यार म्हणून वापरलं गेलं आणि राजकीय आयुष्यातली सगळ्यात जास्त खंत मला याचीच आहे. जेफरसन इतका भाबडा होता, हे मला काही पटत नाही.

पुढची ठिणगी बँकेची. १ कोटी डॉलर भांडवलाची, वीस वर्षांच्या सनदेची राष्ट्रीय बँक, त्यात सरकारचा पाचवा हिस्सा. फेब्रुवारी १७९१ मध्ये विधेयक मंजूर होऊन वॉशिंग्टनच्या टेबलावर आलं. राज्यघटनेत बँकेचा उल्लेखच नाही. असलेले अधिकार वापरण्यासाठी 'आवश्यक आणि योग्य' ते कायदे काँग्रेसने करावेत, एवढंच एक कलम. जेफरसन म्हणाला, आवश्यक म्हणजे ज्यावाचून अडेल ते. बँकेवाचून काही अडत नाही. महान्यायवादी रँडॉल्फही विरोधात. वॉशिंग्टन इतका साशंक होता की नकाराधिकाराचा मसुदासुद्धा त्याने मॅडिसनकडून लिहून घेतला. मग विरोधातली दोन्ही मतं त्याने हॅमिल्टनकडे पाठवली आणि उत्तर मागितलं. २३ फेब्रुवारीला हॅमिल्टनने सुमारे पंधरा हजार शब्दांचं उत्तर दिलं: साध्य घटनेत असेल आणि साधनाला घटनेची मनाई नसेल, तर ते साधन वैध. २५ तारखेला वॉशिंग्टनने सही केली. हाच युक्तिवाद १८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला.

एकूण हिशेब केला तर वॉशिंग्टन बहुतेक वेळा हॅमिल्टनच्याच बाजूने गेला. कर्ज, बँक, दारूवरचा कर, सगळीकडे. जेफरसनची तक्रार निराधार नव्हती.

पण त्याने जे केलं तेही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. ऑक्टोबर १७९१ पासून कवी फिलिप फ्रेनो याने 'नॅशनल गॅझेट' काढलं आणि हॅमिल्टनवर तुटून पडला. या फ्रेनोला जेफरसनने स्वतःच्याच खात्यात वर्षाला अडीचशे डॉलरवर भाषांतरकार म्हणून चिकटवलं होतं. म्हणजे सरकारी पगारावर सरकारविरोधी वर्तमानपत्र! हॅमिल्टनही टोपणनावांनी दुसऱ्या वर्तमानपत्रात जेफरसनला झोडपत होता. १७९३ मध्ये वॉशिंग्टनने फ्रेनोला आवरण्याबद्दल सुचवलं, तेव्हा जेफरसनने स्वतःच्या टिपणात लिहिलं की मी हे करणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ऑगस्ट १७९२ मध्ये वॉशिंग्टनने दोघांना वेगवेगळी पत्रं लिहिली, मजकूर साधारण एकच: एकमेकांबद्दल जरा उदार व्हा, नाहीतर गाडा ओढायचा कसा? दोघांनी योगायोगाने एकाच दिवशी, ९ सप्टेंबरला, उत्तर दिलं. सुरुवात समोरच्याने केली, असं दोघांचंही म्हणणं.

ऑक्टोबरमध्ये जेफरसन वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घरी गेला तेव्हा वॉशिंग्टनने त्याला पदावर थांबायची गळ घातली. जेफरसनच्याच टिपणानुसार कारण असं, की त्याच्या मतांचा लगाम कारभारात असायला हवा, म्हणजे गोष्टी हाताबाहेर जाणार नाहीत. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. वॉशिंग्टनला विरोधी मत हवं होतं, पण आपल्या खोलीत आणि शक्यतो लेखी. शिवाय जेफरसन बाहेर पडला तर मॅडिसनसोबत उघड विरोधात उभा राहील, एवढा व्यवहार त्यालाही कळत असणारच. पुढे तसंच झालं. १७९३ अखेर जेफरसनने राजीनामा दिला, १७९५ च्या जानेवारीत हॅमिल्टनही गेला, आणि नंतरच्या मंत्रिमंडळात जवळपास एकाच सुराची माणसं उरली.

दोघांना एकत्र ठेवल्याचा एक परिणाम मात्र फारसा सांगितला जात नाही. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा आरन बर यांना निर्वाचक मंडळाची ७३-७३ मतं पडली आणि निर्णय प्रतिनिधिगृहाकडे आला. हॅमिल्टनच्या पक्षातले बरेच जण बरकडे झुकले होते. तेव्हा हॅमिल्टनने डेलावेअर राज्याचा प्रतिनिधी बेयर्ड याला पत्र लिहून जेफरसनची भलामण केली. जेफरसन राष्ट्राध्यक्षपदाच्या अधिकारांचा शत्रू आहे हे खरं नाही, आम्ही सरकारात एकत्र असताना तो सहसा त्या अधिकारांचा व्यापक अर्थच लावत असे, असं त्यात आहे. चार वर्षं समोरासमोर बसून भांडल्याशिवाय हे कोणाला सांगता आलं असतं? बेयर्डने भूमिका बदलली, त्याला इतरही कारणं होती. पण १७ फेब्रुवारी १८०१ ला, छत्तिसाव्या फेरीत, जेफरसन निवडून आला.