वाचकांचे प्रश्न : लेपाची झीज आणि नॅनोकण

प्रश्न : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पत्र्यांना लेप देण्याचा छोटा कारखाना आहे. साखर कारखान्यातील बगॅस (उसाची चिपाडे) वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरच्या पत्र्यांना आम्ही ओरखडा आपोआप भरून काढणारा एपॉक्सी लेप दिला. गंज आला नाही, पण एका हंगामात लेप घासून पातळ झाला. त्यात नॅनोकण मिसळावेत का, आणि किती?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ओरखडा भरून काढणे आणि घर्षण सोसणे हे लेपाचे दोन निराळे गुण आहेत आणि ते पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात. अशा लेपात जवसाच्या तेलासारख्या द्रवाने भरलेल्या सूक्ष्म कुप्या असतात. ओरखड्याने त्या फुटतात, तेल बाहेर येते आणि हवेतील ऑक्सिजनमुळे घट्ट होते. मात्र कुप्या मऊ असल्यामुळे त्या जितक्या जास्त, तितका लेप घर्षणाला कच्चा. शिवाय बगॅसबरोबर शेतातील वाळू येते आणि तिच्यातील क्वार्ट्झची कठिणता मोह्स मापनात (कठिणतेची १ ते १० अशी श्रेणी) ७ आहे.

सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचे १०० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान कठीण कण, म्हणजेच नॅनोकण, भार वाटून घेतात आणि बारीक तडे पसरू देत नाहीत. तरीही केवळ त्यांच्यावर विसंबू नये, कारण वाळूचा कण त्यांच्या हजारो पट मोठा असतो आणि लेपाचा कपचा काढताना नॅनोकणही त्यासोबत उचलून नेतो. म्हणून त्यांच्या जोडीला काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे अ‍ॅल्युमिनाचे जाडसर कणही घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नॅनोकणांचे प्रमाण वजनाने १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवून चाचणी घ्यावी. त्याहून वाढवल्यास, पिठल्यात राहतात तशा गुठळ्या होतात आणि प्रत्येक गुठळीपाशी तडा सुरू होऊ शकतो. साध्या ढवळणीने त्या फुटत नाहीत. त्यासाठी अल्ट्रासोनिक यंत्र किंवा तीन रुळांची चक्की लागते. सिलेन या जोडणाऱ्या रसायनाची प्रक्रिया केलेले कण रेझिनला (लेपाच्या मूळ चिकट द्रव्याला) चांगले धरून राहतात. आपल्यासारख्या छोट्या कारखान्याने रेझिनमध्ये आधीच मिसळलेले कण विकत घेणे श्रेयस्कर, कारण कोरडी भुकटी हवेत उडून फुप्फुसांत जाते आणि कामगारांना त्यापासून जपलेच पाहिजे.

कुप्या खालच्या थरात आणि कठीण कण वरच्या थरात ठेवावेत. हंगामापूर्वी दोन-तीन प्रमाणांचे नमुने टेबर यंत्रावर (फिरत्या नमुन्यावर घासणारी चाके टेकवून झीज तपासणारे यंत्र) १००० फेऱ्या घासून वजनातील घट मोजावी आणि जुन्या लेपाचा एक नमुनाही तुलनेसाठी त्याच वेळी घासावा.