शब्द ‘येतो’ म्हणजे काय काय येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी माध्यमातून शिक्षण झालं, दोन महिन्यांनी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत इंग्रजीतून मुलाखत आहे. रोज पन्नास या हिशोबाने तीन हजार शब्द अर्थासकट पाठ केले. वाचताना ते ओळखीचे वाटतात, पण बोलायला गेलं की एकही तोंडात येत नाही. आता आणखी किती पाठ करायचे?

सध्या एकही नवा नको. शब्द तुमच्याकडे भरपूर आहेत, पण प्रत्येकाची एकच बाजू आहे: इंग्रजी दिसलं की मराठी अर्थ आठवतो. बोलताना उलटं जावं लागतं, मनातल्या गोष्टीकडून इंग्रजी शब्दाकडे. पाठांतरात त्या वाटेने तुम्ही एकदाही गेलेला नाहीत, म्हणून मुलाखतीच्या सरावात ती सापडत नाही.

शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन शब्दज्ञानाचे तीन भाग करतात: रूप, अर्थ आणि वापर. यातला प्रत्येक भाग पुन्हा दोन प्रकारे यावा लागतो, ऐकताना-वाचताना ओळखता येणं आणि बोलताना-लिहिताना वापरता येणं. यादीतून हाती लागतो तो अर्थाचा एक तुकडा.

‘सजेस्ट’ हा शब्द घ्या. अर्थ ‘सुचवणे’, हे तुम्हाला पाठ आहे. आता पुढचं बघा. उच्चारात जोर दुसऱ्या भागावर, स-जेस्ट. मराठीत जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं एकाच वजनाने बोलतो. इंग्रजीत मात्र ‘रेकॉर्ड’चा जोर पहिल्या भागावर असेल तर ते नाम, दुसऱ्यावर असेल तर क्रियापद. मग रचना. ‘मला एक पुस्तक सुचवा’ यातला ‘मला’ जसाच्या तसा उचलला की ‘सजेस्ट मी अ बुक’ होतं, आणि तिथे चूक होते. बरोबर वाक्य ‘सजेस्ट अ बुक टु मी’, किंवा नुसतं ‘कॅन यू सजेस्ट अ बुक?’. ‘जायचं सुचवलं’ म्हणताना ‘सजेस्टेड टु गो’ नाही, ‘सजेस्टेड गोइंग’. अहवालात ‘द रिझल्ट्स सजेस्ट’ असं आलं तर तिथे कोणी काही सुचवत नसतं. निकालांवरून तसं दिसतं, एवढाच त्याचा अर्थ. ‘सजेशन’ बिनधास्त वापरा, पण ‘सजेस्टिव्ह’ला अश्लीलतेची छटा लागू शकते, म्हणून मुलाखतीत तो नकोच. एका शब्दाच्या मागे एवढं सगळं असतं, आणि चुका होतात त्या बहुतेक इथेच.

दुसरी अडचण सोबतीच्या शब्दांची. आपल्याकडे चहा कडक, मास्तर कडक, इस्त्रीची कॉलर कडक आणि शिळी भाकरीही कडक. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, मास्तर ‘स्ट्रिक्ट’, कॉलर ‘स्टिफ’, भाकरी ‘हार्ड’. उलटीकडून ‘हेवी’ बघा: ‘हेवी रेन’ म्हणजे जोराचा पाऊस, ‘हेवी ट्रॅफिक’ म्हणजे वाहनांची गर्दी, आणि ‘हेवी स्मोकर’ वजनाने किडकिडीतही असू शकतो. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखायचा, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली लिहून ठेवलंय. म्हणून वहीत ‘हेवी = जड’ असं लिहू नका, ‘हेवी रेन’ अशी जोडीच लिहा.

तिसरे शब्द सगळ्यात फसवे, कारण ते येतात याबद्दल आपल्याला शंकाच नसते. मराठीत येऊन स्थायिक झालेले इंग्रजी शब्द! आपण मिसळ ‘हॉटेला’त खातो आणि घरी न्यायची असेल तर ‘पार्सल’ सांगतो. इंग्रजीत ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची जागा आणि ‘पार्सल’ म्हणजे टपालाने किंवा कुरियरने येणारं बांधलेलं सामान. मिसळीच्या जागेला ‘रेस्टॉरंट’, बांधून नेण्याला ‘टेकअवे’. ‘लाईट गेली’ म्हणजे ‘द पॉवर इज आउट’. ‘टेन्शनमध्ये आहे’ याला ‘वरीड’ किंवा ‘स्ट्रेस्ड’. असे पन्नासेक शब्द रोजच्या बोलण्यातून वेचा आणि आधी तेच तपासून घ्या. नवे पाचशे पाठ करण्यापेक्षा हे लवकर फळ देतं, असं माझं ठाम मत आहे.

किती शब्द पुरतात, याचाही अंदाज असावा. मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब धरलं, तर सर्वाधिक वापरातली २,००० कुटुंबं लिखित मजकुराचे सुमारे ८० टक्के शब्द व्यापतात. ९८ टक्के समजायला वर्तमानपत्र-कादंबरीसाठी ८,००० ते ९,००० आणि बोलण्यासाठी ६,००० ते ७,००० लागतात, असा नेशन यांचा हिशोब आहे. पण ही संख्या ओळखण्याची आहे. वापरता येणारे शब्द सगळ्यांचेच यापेक्षा कमी असतात. मुलाखतीत तर पहिल्या दोन हजारांतल्या शब्दांवर बहुतेक सगळं बोलता येतं.

तेव्हा तीन हजारांतून तीनशे निवडा, स्वतःचं शिक्षण, काम, यंत्रं, चुका, सुधारणा यांबद्दल बोलायला लागणारे. बाकीचे ओळखीपुरते राहू द्या, त्यात काही कमीपणा नाही. रोज आठ घेतले तर ३८ दिवसांत तीनशे होतात आणि उरलेले दिवस उजळणीला मिळतात. प्रत्येक शब्द आधी लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात बघा, इंग्रजी-मराठी कोशात नको. लर्नर्स डिक्शनरीत व्याख्या सोप्या मोजक्या शब्दांत असते, पुढे रचना आणि उदाहरणं असतात, आणि ऑनलाइन आवृत्तीत उच्चारही ऐकता येतो.

मग कार्ड करा, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं. पुढे मराठी वाक्य: ‘त्यांनी दुसरा मार्ग सुचवला.’ मागे पूर्ण इंग्रजी वाक्य, जोराच्या भागाखाली रेघ. चपलांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे लावून पाच कप्पे करा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन माणसाने १९७२ साली लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. कप्प्यांची उजळणी १, ३, ७, १५ आणि ३० दिवसांनी. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. सुरुवातीचं अंतर इतकं कमी आहे, कारण विसरणं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सगळ्यात वेगाने होतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ सालीच ते स्वतःवर मोजून दाखवलं होतं. सगळे कप्पे सुरू झाले की रोज साधारण चाळीस कार्डं येतील, अर्धा तास पुरतो.

हे फसतं ते ठरावीक ठिकाणी. कार्ड उलटून ‘हो, हे येतंय’ म्हणणं ही ओळख झाली, आठवण नव्हे. आधी वाक्य मोठ्याने पूर्ण बोला, मगच उलटा. एका कार्डावर चार अर्थ कोंबू नका. ‘सजेस्ट’चा ‘दिसून येणे’ हा अर्थ दोन आठवड्यांनी वेगळ्या कार्डावर घ्या.

जोडीला वाचन हवंच, पण बेताचं. कुठल्याही पानावरचे शंभर शब्द मोजा. त्यात पाचाहून जास्त अनोळखी निघाले तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा. दोनच्या आसपास असतील तर अर्थ संदर्भावरून लागतो. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात कपाटापाशी उभ्या उभ्या ही परीक्षा दोन मिनिटांत होते.

आणि ‘बॉरो’ व ‘लेंड’ एकाच दिवशी घेऊ नका. आपल्याकडे दोन्हींना ‘उसने’च, एक घेणं आणि एक देणं. सारखे किंवा उलट अर्थाचे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत गुंततात आणि ऐन वेळी चुकीचा पुढे येतो. ‘बॉरो’ चौथ्या कप्प्यात पोचला की मगच ‘लेंड’चं कार्ड लिहा.