वायनरीची वेबसाइट तरुणांना आवडेल अशी कशी करावी?
नाशिकच्या तुमच्या वायनरीच्या वेबसाइटवर पंचविशीतली मुलं थांबत नाहीत, असं विचारलंय. मला वाटतं, अडचण भाषेची आहे. 'मखमली टॅनिन, ओकचा गंध' वाचून नवखा माणूस बिचकतो. सरळ लिहा: शेनिन ब्लां ही पांढरी वाइन, जराशी गोडसर, चांगली थंड करून प्या, कोळंबी फ्रायबरोबर मस्त लागते. झालं!

पहिला फोटो पिंपांचा नको. जानेवारी ते मार्चमधली द्राक्षांची तोडणी दाखवा. कात्री चालवणाऱ्या बायका, क्रेटमध्ये पडणारे दवाने ओले घड. टेस्टिंगचं बुकिंग मोबाइलवरून पटकन व्हावं आणि दर लपवू नका. मुंबई-पुण्याची पोरं ऐनवेळी ठरवून निघतात, तेव्हा नाशिकरोड स्टेशनवरून कसं यायचं तेही सांगा.

वयाची विचारणा मात्र सुरुवातीलाच हवी. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय 21 आहे.