आपली गलबते लहान का होती?

चि. ईशान यास अनेक आशीर्वाद.

सागरी संग्रहालयात युरोपातल्या बहुमजली युद्धनौकांच्या प्रतिकृती पाहून आल्यावर तू दोन प्रश्न लिहून पाठवलेस. शिवाजी महाराजांच्या आरमारातली गलबते इतकी लहान का होती, आपल्या लोकांना मोठी जहाजे बांधता येत नव्हती का, हा पहिला. आणि कोकणातली माणसे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात का घालत नाहीत, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर कोकणच्या किनाऱ्यातच आहे.

सह्याद्रीवरून उतरणाऱ्या उल्हास, सावित्री, वाशिष्ठी या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि त्यांच्या मुखाशी खाड्या तयार होतात. खाडीच्या तोंडावर वाळूचे दांडे असतात, किनाऱ्यालगत पाण्याखाली खडक असतात आणि ओहोटी लागली की जिथे सकाळी पाणी होते तिथे दुपारी चिखल उघडा पडतो. खोल तळाच्या जहाजाला अशा ठिकाणी बाहेरच नांगर टाकून थांबावे लागते. उथळ तळाची होडी मात्र भरतीबरोबर आत शिरते आणि ओहोटीबरोबर बाहेर पडते. कल्याण, चिपळूण, राजापूर ही व्यापाराची गावे समुद्रापासून इतकी आत असूनही बंदरे म्हणून नांदली, ती या होड्यांमुळेच.

महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर तिथल्या खाडीत आरमाराची बांधणी सुरू झाली. त्यातली गुराब ही जहाजाची जात मोठी होती. गलबत तिच्याच घडणीचे, पण लहान, क्वचितच 70 टनांपेक्षा मोठे. त्याला दोन डोलकाठ्या असत. पुढच्या, मुख्य काठीवर एकच भलेमोठे त्रिकोणी शीड चढे, मागची काठी अगदी हलकी असे. वजन वाढू नये म्हणून अनेक गलबतांचा वरचा तक्ता चिरलेल्या बांबूंचा करीत, हा बारकावा मला फार आवडतो. शिवाय 40 ते 50 वल्ही असत. वारा पडला की शिडाचे मोठे जहाज जागच्या जागी अडकते, पण गलबताचे खलाशी वल्ही मारून त्याच्या मागच्या बाजूला जाऊ शकत, जिथे त्याच्या तोफा फारशा पोचत नसत. गरज पडली तर हीच गलबते आपल्या गुराबांना दोर बांधून ओढून नेत.

याचा प्रत्यय 1679 मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर आला. महाराजांच्या आरमारातले अधिकारी मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली बेटावर तटबंदीचे काम चालू होते आणि मुंबईच्या इंग्रजांनी ते बंद पाडण्यासाठी आपली जहाजे बेटाभोवती उभी केली होती. तरीही समोरच्या थळच्या किनाऱ्यावरून लहान होड्या अंधारात, उथळ पाण्यातून बेटावर रसद पोचवत राहिल्या. जड जहाजांना त्यांचा पाठलाग जमला नाही आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. म्हणून लहानपणाला उणीव म्हणणे मला मान्य नाही. त्या पाण्यासाठी तीच योग्य घडण होती.

लाकूड मुख्यतः सागाचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभाराच्या नियमांच्या ग्रंथात, आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे बजावले आहे. एखादे झाड जीर्ण झालेले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे, असेही त्यात आहे. राज्याला जहाजे हवी असतानाही कुणाच्या परसातले झाड जपले पाहिजे हे लिहून ठेवणारी माणसे होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. लाकडी आरमाराचे दुबळेपणही लक्षात ठेव: 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात एकत्र उभे असलेले मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांचे आरमार आग लागून जवळजवळ सगळे जळून गेले.

लढाया संपल्या तरी या जातीच्या होड्या राहिल्या. मचवे आणि पडाव मीठ, तांदूळ, नारळ, लाकूड, मंगलोरी कौले घेऊन मुंबईला ये-जा करीत राहिले. मासेमारीच्या होड्या पहाटे जमिनीवरून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतत. पुढे डिझेलचे इंजिन आले आणि काही दशकांतच शीड उतरले.

आता तुझा दुसरा प्रश्न. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्र इतका खवळवतो की उथळ तळाची होडी त्यात टिकत नाही. म्हणून आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, आली की होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या विणलेल्या झापांनी शाकारतात. त्याच दिवसांत फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासून भरतात, लाकडाला तेल पाजतात. श्रावणी पौर्णिमेच्या सुमारास वाऱ्याचा जोर ओसरू लागतो, तेव्हा समुद्राला नारळ अर्पण करून होडी पाण्यात घालतात. आता 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. ती उठल्यावरही अनेक कोळी कुटुंबे नारळी पौर्णिमेची वाट पाहतात.

तुझी,
आई