ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतून एमएसडब्ल्यू करायचंय तर आधी हे बघून घे

तू विचारलंयस की बीएसडब्ल्यू (सोशल वर्कची पदवी) झालंय, आता अमेरिकेत एखाद्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत एमएसडब्ल्यूला (सोशल वर्कच्या मास्टर्सला) जायचं डोक्यात आहे, तर हिंदू असल्यामुळे काही अडचण येईल का, धर्म बदला वगैरे म्हणतात का आणि आत्तापासून तयारी काय करू. मी अशाच एका युनिव्हर्सिटीतून एमएसडब्ल्यू केलं आणि आता हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या संस्थेत, काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धर्म बदलायला मला कधीच कोणी सांगितलं नाही. पण धार्मिक युनिव्हर्सिटी म्हटलं की सगळ्या एकसारख्या असं नसतं. लोयोला शिकागो, फोर्डम, बॉस्टन कॉलेज या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) लोकांच्या, तिथे सगळ्या धर्मांची मुलं असतात. टेक्सासमधली बेलर बाप्टिस्ट, न्यूयॉर्कची येशिवा ज्यू लोकांची. युटामधल्या मॉर्मन चर्चच्या ब्रिगहॅम यंगमध्ये ऑनर कोड (वागणुकीचे नियम) आहे, त्यात दारू-सिगरेट तर नाहीच पण चहा-कॉफीपण चालत नाही, आणि चर्चचे सदस्य नसाल तर फी जास्त. त्यामुळे अर्ज करायच्या आधी त्या युनिव्हर्सिटीचा स्टुडंट कोड पूर्ण वाच, चॅपलला (प्रार्थनेला) जाणं सक्तीचं आहे का, लग्नाआधीचे संबंध, एलजीबीटी विद्यार्थी याबद्दल काय लिहिलंय ते बघ, कारण धार्मिक संस्थांना काही कायद्यांतून सूट मिळते आणि सही केल्यावर तो नियम तुला लागू होतो. जे पटत नाही तिथे जाऊ नकोस, स्कॉलरशिप कितीही चांगली असली तरी.

बाकी शिक्षण मात्र सारखंच. प्रोग्रामला सीएसडब्ल्यूईची (सोशल वर्कच्या कोर्सेसना मान्यता देणारी अमेरिकेतली संस्था) मान्यता हवीच, ती नसेल तर बहुतेक ठिकाणी लायसन्सच्या परीक्षेलाच बसता येत नाही. ती मान्यता असली की एमएसडब्ल्यूला किमान ९०० तास फील्ड, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम, करावं लागतं, मग युनिव्हर्सिटी कोणाचीही असो. आणि हो, तुझ्या बीएसडब्ल्यूवर अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग (आधीची डिग्री धरून कोर्समध्ये सूट) मिळालं तर दोन वर्षांचा कोर्स साधारण वर्षभरात होतो, पण भारतातली डिग्री आपोआप धरत नाहीत, सीएसडब्ल्यूईकडेच परदेशी डिग्री तपासायची सोय आहे तिथे इव्हॅल्युएशन करून घ्यावं लागतं. ते आत्ताच सुरू कर, मार्कशीट आणि सिलॅबस गोळा करण्यातच खूप वेळ जातो.

आता ज्याबद्दल कोणी आधी सांगत नाही ते. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर फील्डला जायला सीपीटीची (शिकत असताना कोर्सचा भाग म्हणून काम करण्याची) परवानगी लागते, पगार नसला तरी आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही. फुलटाइम सीपीटी १२ महिने झाली तर नंतरची ओपीटी (डिग्रीनंतर काम करायची परवानगी) जाते, म्हणून फील्डचे तास पार्टटाइम पसरून घेता येतात का ते विचार. आणि ओपीटी मिळते फक्त १२ महिने, कारण सोशल वर्क स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत नाही, वाढीव दोन वर्षं नाहीत. उलट क्लिनिकल (स्वतंत्रपणे समुपदेशन-उपचार करायच्या) लायसन्सला बऱ्याच राज्यांत साधारण दोन वर्षं, ३००० तासांच्या आसपास सुपरव्हिजनखाली काम लागतं. हे गणित कागदावर मांडून बघ, वर्षभरात ते बसत नाही, मध्ये एच-१बी (नोकरीचा व्हिसा) लागतोच. युनिव्हर्सिटी आणि तिच्याशी संलग्न ना-नफा हॉस्पिटलं एच-१बीच्या लॉटरीतून वगळलेली असतात, त्यामुळे प्लेसमेंट (फील्डची जागा) निवडतानाच अशा ठिकाणी पाय रोवायला मिळतो का बघ. मला विचारशील तर युनिव्हर्सिटीच्या नावापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

अजून एक, धार्मिक संस्थांना नोकरी देताना आपल्याच धर्माच्या माणसाला पसंती देण्याची कायद्याने मुभा आहे. सगळ्या तसं करत नाहीत, कॅथलिक चॅरिटीज या चर्चच्या सेवासंस्थेच्या एजन्सीजमध्ये वेगवेगळ्या धर्मांची माणसं काम करतात, पण काही ठिकाणी आपल्या धार्मिक श्रद्धेचं निवेदन लिहून मागतात. फील्ड ऑफिसला सरळ विचार की बिगरख्रिश्चन विद्यार्थ्यांना कुठे कुठे पाठवलं जातं. आणि गाडी चालवायला शिक, कारण अनेक प्लेसमेंटना घरी जाऊन भेटी असतात आणि बस तिथपर्यंत पोचत नाही.

तयारीचं म्हणशील तर एनएएसडब्ल्यूचा (अमेरिकेतल्या सोशल वर्कर्सची संघटना) कोड ऑफ एथिक्स आत्ताच वाचून काढ, त्यात क्लायंटचा स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायचा हक्क हे तत्त्व आहे. धार्मिक युनिव्हर्सिटीत याच्यावरच सगळ्यात जास्त चर्चा होते. तुझा धर्म, युनिव्हर्सिटीचा धर्म आणि समोरच्या माणसाचा धर्म हे तिन्ही वेगळे असतील तेव्हा तू काय करशील? हॉस्पिसमध्ये टीममध्ये डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर आणि चॅपलन (पेशंटला आध्यात्मिक आधार देणारी व्यक्ती) असे सगळे असतात. एखादा पेशंट म्हणतो माझ्यासाठी प्रार्थना कर, एखादा म्हणतो देवाचं नावपण नको. मी दोघांपाशी बसते. विचारायचं की तुमच्यासाठी श्रद्धेचं काय स्थान आहे, त्यातून आत्ता आधार मिळतोय का, कोणाशी बोलावंसं वाटतं का, आणि गप्प राहून ऐकायचं, हेच काम आहे. हे मला त्या युनिव्हर्सिटीत खूप चांगलं शिकवलं, कारण तिथे श्रद्धा हा विषय टाळत नाहीत, आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसाकडे जाताना तो टाळून चालत नाही. म्हणूनच मला वाटतं की तू हिंदू असणं ही अडचण नाहीच, फक्त वर्गात आपली श्रद्धा न लाजता आणि न लादता सांगता यायला हवी, ती सवय आत्तापासून लाव.

कुठल्या राज्यात राहायचंय ते आधी ठरव, मग त्या राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या अटी वाच आणि त्यानंतर युनिव्हर्सिटीची यादी कर. आणि इव्हॅल्युएशनचे कागद या महिन्यात मागव.